ऊस कोणाच्या अखत्यारीत?

सांगली-कोल्हापूरकडे दिवाळीच्या आगेमागे ऊस पेटतो. जयसिंगपूरला ऊस परिषद भरते, पहिल्या उचलीचा आकडा जाहीर होतो, कारखानदार तो नाकारतात आणि मग ट्रॅक्टर अडवणं, टायरमधली हवा सोडणं, हमरस्त्यावर ठिय्या हे सगळं यथासांग पार पडतं. या आंदोलनांची निवेदनं कुठं कुठं जातात ते पाहण्यासारखं असतं. एक कारखान्याच्या कार्यकारी संचालकाला, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक पुण्याच्या साखर आयुक्तांना, एक मुख्यमंत्र्यांना आणि एक थेट दिल्लीला. निवेदन लिहिणाऱ्याने राज्यघटना उघडलेली नसेल, पण पत्ते तो बरोबर लिहितो. कारण उसाची कांडी एका सरकारची नाही. पेर बदललं की अखत्यारी बदलते.

संघराज्य म्हणजे काय हे शाळेत आपण यादीने शिकलो. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, चलन केंद्राकडे; पोलीस, शेती, आरोग्य राज्याकडे; काही विषय दोघांकडे. परीक्षेपुरतं हे पुरतं. व्यवहारात मात्र कुठलीही वस्तू एका यादीत गुमान बसून राहत नाही, आणि ऊस तर मुळीच नाही. म्हणून हे प्रकरण उसाच्या मागोमाग जाणार आहे.

आधी आराखडा. घटनेच्या २४६व्या अनुच्छेदाने कायदे करायचे विषय वाटून दिले आणि ती वाटणी सातव्या अनुसूचीत लिहिली. १९५० साली संघसूचीत ९७ नोंदी होत्या, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७. यातल्या कशातच जे बसत नाही ते केंद्राचं. समवर्ती विषयावर दोघांचे कायदे एकमेकांना छेद देऊ लागले, तर साधारणपणे केंद्राचा कायदा टिकतो. तीन याद्यांची ही मांडणी १९३५ च्या कायद्यातून आली, पण केंद्राकडे झुकलेला तराजू हा फाळणीचा परिणाम. १९४६ च्या कॅबिनेट मिशनच्या योजनेत केंद्राच्या वाट्याला संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढंच ठेवलं होतं, कारण मुस्लीम लीगला सांभाळून घ्यायचं होतं. ३ जून १९४७ ला फाळणी जाहीर झाली आणि ते कारणच उरलं नाही. जुलैमध्ये नेहरूंच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बळकट केंद्राची शिफारस केली. पुढच्या वर्षी, ४ नोव्हेंबर १९४८ ला, घटनेचा मसुदा मांडताना आंबेडकरांनी स्पष्ट केलं की हे संघराज्य घटक राज्यांच्या करारातून जन्मलेलं नाही आणि कोणालाही त्यातून फुटून जाता येणार नाही.

आता शेतात चला. शेती, जमीन आणि पाणी या तिन्ही नोंदी राज्यसूचीत आहेत. म्हणजे ऊस उभा आहे तोवर तो मुंबईचा, असं म्हणायला हरकत नाही. पण पाण्याच्या नोंदीला एक शेपूट आहे: आंतरराज्य नद्यांबाबत केंद्राला दिलेल्या अधिकाराच्या अधीन राहून. कृष्णेच्या पाण्याची वाटणी बच्छावत लवादाने केली तेव्हा महाराष्ट्राला ५६० टीएमसी, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्राला ८०० टीएमसी मिळाले. वाळव्याच्या किंवा शिरोळच्या उपसा योजनेची मोटर त्या ५६० मधून पाणी ओढते. विधानसभेने एकमुखाने ठराव केला तरी तो आकडा ५६१ होत नाही. बियाण्याचंही तसंच. आपल्याकडे शिवारंच्या शिवारं व्यापणारं को ८६०३२ हे वाण कोइम्बतूरच्या केंद्रीय ऊस पैदास संस्थेचं. राज्य कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राने ते इथं रुजवलं.

ऊस तोडून गाडी काट्यावर आली की तिसरी यादी सुरू होते. किलोग्रॅम म्हणजे किती हे ठरवणं केंद्राचं. कारखान्याचा काटा तो किलोग्रॅम खरा दाखवतो का, हे तपासायला येतो राज्याचा वैधमापन निरीक्षक. वजनमापांची नोंद पूर्वी राज्यसूचीत होती. ४२व्या घटनादुरुस्तीने ती समवर्ती सूचीत नेली, त्याच फटक्यात शिक्षण आणि वनंही गेली. काटामारीची तक्रार करणाऱ्याला या इतिहासाशी देणंघेणं नसतं, आणि नसावंही.

खरी गंमत दरात आहे, आणि इथं जरा थांबायला हवं.

शेती राज्याची, मग उसाचा दर केंद्र कसं ठरवतं? याचं उत्तर समवर्ती सूचीतल्या ३३ क्रमांकाच्या नोंदीत आहे. युद्धकाळात धान्य, कापूस अशा वस्तूंवर दिल्लीचं नियंत्रण होतं. घटना लागू झाली तेव्हा टंचाई होती, म्हणून या वस्तूंवर कायदे करायचा अधिकार संसदेला फक्त पाच वर्षांसाठी दिला गेला. मुदत संपत आली तेव्हा, १९५४ मध्ये, तिसऱ्या घटनादुरुस्तीने अन्नपदार्थ, वैरण, कापूस, ताग यांचा व्यापार, उत्पादन आणि पुरवठा कायमचाच समवर्ती सूचीत घातला. सरकारने तात्पुरती म्हणून घेतलेली वस्तू परत केल्याचं उदाहरण शोधायला गेलं तर वेळ लागेल. याच नोंदीच्या आधारावर १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा उभा आहे, त्याच्याखाली १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश. आणि २०२० च्या तीन कृषी कायद्यांचं समर्थनही केंद्राने याच नोंदीवरून केलं होतं.

तर एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, केंद्रीय मंत्रिमंडळ कृषिमूल्य आयोगाच्या शिफारशीवरून ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होता, आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. उतारा १२ टक्के धरला तर टनाला साधारण ४,१५५ रुपये होतात; त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा जाऊन उरेल ते शेतकऱ्याच्या खात्यावर. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. हा हुकूम दिल्लीचा. पण तो मोडला तर दिल्लीहून कोणी येत नाही. पुण्याच्या साखर संकुलात आयुक्तांपुढे सुनावणी होते, आरआरसी निघते, म्हणजे महसुली वसुलीचं प्रमाणपत्र. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलदाराकडे. मग तहसीलदार कारखान्याच्या गोदामाला सील ठोकतो किंवा कारखान्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढवतो, जणू शेतसारा थकला आहे. कायदा केंद्राचा आणि हातपाय राज्याचे, हे आपल्या संघराज्याचं रोजचं रूप आहे. कारखान्याचा अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचा असला की हे हातपाय किती जड होतात, हेही सगळ्यांना माहीत आहे.

याच दरावरून दोन राज्यांनी दोन उलट गोष्टी केल्या. उत्तर प्रदेश केंद्राच्या दरावर समाधान मानत नाही. तिथलं सरकार स्वतःचा, वरचा दर जाहीर करतं. कारखानदार न्यायालयात गेले, वर्षानुवर्षं भांडले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की केंद्राचा दर हा किमान आहे. राज्याने त्याच्या वर दर दिला तर दोन्ही हुकूम एकाच वेळी पाळता येतात, म्हणून संघर्ष नाही. खाली दिला असता तर झाला असता.

महाराष्ट्राने उलट दिशा धरली. फेब्रुवारी २०२२ मध्ये शासन निर्णय निघाला: एफआरपी दोन टप्प्यांत द्यावी, आधी ढोबळ उताऱ्यावर काही रक्कम आणि उरलेली हंगाम संपल्यावर त्या हंगामाचा खरा उतारा कळल्यावर. कारखान्यांना हे सोयीचं होतं, कारण हंगामात रोकड अडते. शेतकऱ्यांना सोसायटीच्या कर्जाचं व्याज भरून वाट बघायची होती. शेतकरी नेते राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला. केंद्राच्या आदेशात राज्य असा बदल करू शकत नाही.

दिल्लीच्या हातात जास्त सत्ता गेली की राज्याची स्वायत्तता गेली, असं आपण सरसकट म्हणतो. मीही बहुतेक वेळा त्याच बाजूचा असतो. पण इथं राज्याचं मंत्रिमंडळ कारखानदारांच्या शेजारी बसलेलं होतं आणि शेतकऱ्याच्या हातात शस्त्र होतं ते दिल्लीच्या ६० वर्षं जुन्या आदेशाचं. सत्ता दोन ठिकाणी विभागलेली असण्याचा फायदा राज्य सरकारला होतो की नाही हा प्रश्न वेगळा. एका सरकारने दार लावलं तर ठोठवायला दुसरं दार असतं, हा फायदा माणसाचा. विदर्भातला आदिवासी, मुंबईतला झोपडीवासी किंवा शिरोळचा ऊस उत्पादक, कोणालाही विचारा, त्याचं सगळ्यात मोठं भांडण सहसा जवळच्या सत्तेशी असतं.

दुसरी बाजू मात्र तितकीच खरी आहे. साखर पोत्यात भरली की राज्याच्या हातात जवळजवळ काही उरत नाही. साखरेचा किमान विक्री दर केंद्राचा, दर महिन्याला किती साखर बाजारात आणायची तो कोटा केंद्राचा, निर्यात करायची की नाही हेही केंद्राचं. हा किमान दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि पुढची सहा वर्षं हलला नाही. त्याच काळात एफआरपी २७५ वरून ३४० आणि पुढे ३५५ वर गेली (उताऱ्याचा पाया मधल्या काळात १० वरून १०.२५ टक्क्यांवर नेला गेला, पण त्याने गणित फारसं बदलत नाही). कच्च्या मालाचा दर आणि पक्क्या मालाचा दर एकच सरकार ठरवतं, आणि दोहोंत फट पडली की बिलं थकतात. थकलेल्या बिलांचा मोर्चा मात्र येतो जिल्हाधिकारी कचेरीवर.

इथेनॉलचं तेच झालं. केंद्राच्याच प्रोत्साहनावर, व्याज सवलत घेऊन, कारखान्यांनी आसवन्या उभ्या केल्या. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, दिल्लीहून आदेश आला की उसाचा रस आणि पाक इथेनॉलसाठी वापरायचा नाही. पावसाने ओढ दिली होती, साखर कमी पडेल आणि निवडणुकीच्या वर्षात भाव चढतील ही भीती. आठवड्याभरात आदेश सैल करून १७ लाख टन साखरेपुरती मुभा दिली. तोवर कारखान्यांचं कर्जफेडीचं वेळापत्रक कोलमडायचं ते कोलमडलं होतं. यात महाराष्ट्र सरकारला विचारायची घटनात्मक सक्ती कुठेच नव्हती.

आता मळी. साखर केंद्राकडे झुकली, तशी मळी राज्याकडे. मळीपासून मद्यार्क होतो, आणि मादक पेयं हा विषय राज्यसूचीतला. दारूवरचं उत्पादन शुल्क हे राज्याच्या तिजोरीच्या मोठ्या आधारांपैकी एक. म्हणूनच कारखान्याच्या आसवनीत राज्य उत्पादन शुल्क खात्याचा माणूस बसलेला असतो. पण त्याच मद्यार्कापासून रंग, औषधं, रसायनंही होतात. पिण्याजोगा नसलेला, औद्योगिक मद्यार्क ‘मादक’ म्हणायचा का? १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी नाही म्हटलं आणि तो केंद्राकडे दिला. राज्यांचं म्हणणं होतं, टाकीतून बाहेर पडलेला मद्यार्क रसायनाच्या कारखान्यात जाईल की हातभट्टीत, हे आम्हालाच पाहावं लागतं. विषारी दारूने माणसं मेली तर जाब आम्हालाच विचारतात. हे भांडण नऊ न्यायाधीशांपर्यंत गेलं. २३ ऑक्टोबर २०२४ ला आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल लागला: औद्योगिक मद्यार्कही राज्यांच्या नोंदीत येतो. न्या. नागरत्ना यांनी वेगळं मत दिलं. तिन्ही याद्या तशाच राहिल्या, अक्षरही बदललं नाही, आणि एका वस्तूवरची सत्ता पस्तीस वर्षांनी दिल्लीहून राज्यांकडे आली.

सहकाराबद्दल थोडं. प्रवरानगरचा कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, म्हणजे राज्यघटना आणि सहकारी साखर साधारण एकाच वयाच्या. सहकारी संस्था राज्यसूचीत. एकाहून अधिक राज्यांत पसरलेल्या, ज्यांना आपण मल्टिस्टेट म्हणतो, त्या केंद्राच्या. राज्याच्या निबंधकाचा जाच नको म्हणून मल्टिस्टेट होण्याची धडपड सीमाभागात नवी नाही. २०११ च्या ९७व्या घटनादुरुस्तीने संसदेने सगळ्याच सहकारी संस्थांसाठी नियम घटनेत घातले. पण राज्यसूचीच्या विषयाला हात घालताना किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागते, ती घेतलीच नव्हती. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतल्या संस्थांपुरता तो भाग रद्द केला. योगायोग असा की त्याच महिन्यात, निकालाच्या दोन आठवडे आधी, दिल्लीत वेगळं सहकार मंत्रालय स्थापन झालं होतं.

कायदा करता येत नसला तरी केंद्राला कर लावता येतो. शेतीच्या उत्पन्नावरचा कर राज्याचा विषय, बाकी उत्पन्नावरचा केंद्राचा. मग सहकारी कारखान्याने सभासदाला किमान दराच्या वर जे पैसे दिले ते उसाची किंमत की वाटलेला नफा? किंमत म्हटलं तर तो कारखान्याचा खर्च, नफा म्हटलं तर त्यावर प्राप्तिकर. आयकर खात्याने नफा म्हटलं आणि महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर वर्षानुवर्षांच्या नोटिसा साचल्या. कित्येक अध्यक्षांच्या राजकीय निष्ठा या नोटिसांच्या फायलीशी बांधल्या गेल्या, असं गावात उघड बोललं जातं. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने जुन्या वर्षांची ती रक्कम खर्च म्हणून धरायची सोय केली. सवलत सुमारे १०,००० कोटींची असल्याचं अर्थमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं.

कराच्या बाबतीत राज्यांनी आपणहून हात सोडला तो १ जुलै २०१७ ला. उसावरचा खरेदी कर जीएसटीत विरला, मुंबईची जकातही गेली. दर आता जीएसटी परिषद ठरवते. तिथं केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव व्हायला तीन चतुर्थांश मतं हवीत. म्हणजे देशातली झाडून सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राशिवाय ठराव होत नाही. महाराष्ट्राचं मत आणि सिक्कीमचं मत सारख्याच वजनाचं. प्रत्यक्षात मतदान जवळजवळ होतच नाही. पहिल्यांदा झालं ते डिसेंबर २०१९ मध्ये, लॉटरीच्या करावरून. ऑक्टोबर २०२३ च्या बैठकीत मळीवरचा कर २८ वरून ५ टक्के झाला आणि पिण्याच्या दारूसाठी लागणाऱ्या मद्यार्कावर कर लावणं राज्यांवर सोडलं गेलं. मळी जीएसटीत, तिच्यापासूनची दारू बाहेर. दारू आणि पेट्रोल ही राज्यांनी स्वतःकडे राखलेली शेवटची मोठी कुरणं आहेत; राज्यं ती सहजासहजी सोडणार नाहीत.

ऊस राज्याची हद्द ओलांडतो तेव्हा काय होतं हे २०२३ च्या सप्टेंबरात दिसलं. पाऊस कमी, ऊस कमी, कारखाने उपाशी राहतील म्हणून महाराष्ट्राने परराज्यात ऊस न्यायला बंदी घातली. शिरोळ, कागल, जत या भागांतल्या शेतकऱ्याला कर्नाटकातला कारखाना अनेकदा जवळ पडतो, आणि दर बरा मिळाला तर तो तिकडे ऊस घालतोच. उसाच्या वाहतुकीवर नियंत्रण ठेवायचा अधिकार १९६६ च्या केंद्राच्या आदेशात आहे आणि तो राज्यांकडे सोपवताही येतो. पण घटनेचा ३०१वा अनुच्छेद सांगतो की देशभर व्यापार मुक्त असेल, आणि राज्याला स्वतःच्या कायद्याने त्यावर बंधन घालायचं तर विधेयक मांडण्याआधी राष्ट्रपतींची मंजुरी लागते. दिल्लीकडून आलेला अधिकार वापरून राज्याने आपल्याच शेतकऱ्याला शेजारच्या राज्यात जाण्यापासून रोखावं का, हा प्रश्न न्यायालयात रंगला असता. तेवढी वेळ आली नाही. शेतकरी संघटना रस्त्यावर उतरण्याच्या तयारीत असतानाच, काही दिवसांत, मुंबईने बंदी मागे घेतली, आणि हंगाम सुरू झाल्यावर गाड्या नेहमीसारख्या निपाणीच्या दिशेने जाऊ लागल्या.